गौडेश्वर धर्मपाल

सियालदह स्थानकासमोरून दक्षिणोत्तर जाणारा जो हमरस्ता आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस या दोन थोर शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखला जातो, तो जुन्या कलकत्त्याचा सर्क्युलर रोड होय. या रस्त्याच्या पोटात एक खंदक बुजविलेला आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैलांचे काम झाले. मराठे मात्र शहरावर चालून आले नाहीत. काम अर्धवट राहिले आणि १७९९ साली तो खंदक भरून काढून त्यावर रस्ता बांधण्यात आला. 'मराठा डिच' हे त्याचे नाव तेवढे मागे उरले. या स्वाऱ्या १७५१ च्या तहापर्यंत चालू होत्या. त्यांत बंगालच्या खेड्यापाड्यांनी काय सोसले याची साक्ष गंगाराम कवीच्या 'महाराष्ट्रपुराण' या समकालीन बंगाली काव्यात आहे, आणि बर्गींचे भय तर बंगालच्या अंगाईगीतांतही उतरले आहे. या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने हे वास्तव नाकारण्याचे कारण नाही.

परंतु बंगाल आणि दख्खन यांच्या संबंधांचा आरंभ या खंदकापासून होतो, अशी जी समजूत नकळत रूढ झाली आहे, ती मात्र इतिहासाला धरून नाही. खंदकाच्या साडेनऊशे वर्षे आधी दख्खनच्या फौजा गंगायमुनेच्या दुआबात गौडाच्या राजाशी लढल्या होत्या. आणि त्याच राजाच्या अंतःपुरात राष्ट्रकूट कुळातील एक कन्या पट्टराणी म्हणून आली होती. तिचा पुत्र पुढे पाल घराण्यातील सर्वांत बलाढ्य सम्राट ठरला. तो राजा म्हणजे धर्मपाल, ती राणी रण्णादेवी आणि तो पुत्र देवपाल. या लेखात मुख्यतः धर्मपालाच्या कारकिर्दीचा आणि त्याने मागे ठेवलेल्या वारशाचा विचार करावयाचा आहे.

धर्मपालाची थोरवी कळण्यासाठी त्याच्या पित्यापासून आरंभ करणे भाग आहे. कर्णसुवर्णाचा राजा शशांक इ. स. ६३७ च्या सुमारास वा त्याआधी निवर्तला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ बंगालला धनी उरला नाही. बाहेरून स्वाऱ्या येत आणि आत जो तो आपल्या गढीपुरता राजा. या अवस्थेला धर्मपालाच्या खालिमपूर ताम्रपटात 'मत्स्यन्याय' असा शब्द योजिला आहे. मोठा मासा लहान माशास गिळतो, तसे बलवंताने दुर्बलास गिळावे आणि कोणी विचारू नये, असा त्याचा अर्थ. तो मत्स्यन्याय दूर व्हावा म्हणून 'प्रकृतींनी' गोपालाच्या हाती राजलक्ष्मी दिली, असे हा ताम्रपट सांगतो. हा प्रसंग इ. स. ७५० च्या सुमाराचा. 'प्रकृती' म्हणजे सारी प्रजा, की राज्यातील प्रमुख अधिकारी व सामंत, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आजच्या अर्थाची निवडणूक तेथे झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि गोपालाचा पितामह दयितविष्णू हा विद्येसाठी आणि पिता वप्यट हा शौर्यासाठी वाखाणला असला, तरी त्यांपैकी कोणालाही राजा म्हटलेले नाही, ही गोष्ट बोलकी आहे. आपले कुळ सूर्याचे वा चंद्राचे, असे सांगण्याची त्या काळच्या राजांची रीत होती. या ताम्रपटाच्या कर्त्याने मात्र लोकांनी हात दिला म्हणून राज्य मिळाले, हेच भूषण म्हणून लिहिले. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या तिबेटी लामा तारानाथालाही या निवडीची एक अद्भुतरम्य लोककथा ठाऊक होती. आठशे वर्षांनंतरही ती स्मृती लोपली नव्हती.

या गोपालाचा आणि देद्ददेवीचा पुत्र धर्मपाल. त्याची कारकीर्द साधारणतः इ. स. ७७० ते ८१० अशी धरतात. तो काळही मोठा विलक्षण होता. बगदादला हारून अल्‌-रशीद, युरोपात शार्लमेन, इंग्लंडच्या मध्यभागी मर्सियाचा राजा ऑफा, आणि आपल्याकडे वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावाशी निगडित आहे त्या पहिल्या कृष्णाचे पुत्र गोविंद व ध्रुव, ही सारी मंडळी धर्मपालाची समकालीन. त्या वेळी उत्तर हिंदुस्थानचे सार्वभौमत्व म्हणजे कनौज, असे समीकरण होते. हर्षाच्या या राजधानीवर तिघांची दृष्टी होती : पूर्वेकडून पाल, पश्चिमेकडून गुर्जर-प्रतीहार आणि दक्षिणेकडून राष्ट्रकूट.

या झगड्याची हकीकत मौजेची आहे, कारण ती तीन पक्षांच्या तीन तोंडांनी आपल्यापर्यंत आलेली आहे. प्रथम नाशिक जिल्ह्यातील आपल्या वणी-दिंडोरीला सापडलेला तिसऱ्या गोविंदाचा ताम्रपट पाहावा. शके ७३० मधील या लेखात म्हटले आहे की, प्रतीहार वत्सराजाने गौडाच्या राजाची दोन शुभ्र छत्रे जिंकून घेतली होती आणि ध्रुवाने वत्सराजाचा पराभव करून ती छत्रे त्याच्यापासून हिरावून घेतली. दुसरा लेख अमोघवर्षाच्या काळचा, शके ७९३ चा. तो त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील संजाण येथे मिळाला. त्यात गंगा आणि यमुना यांच्यामधून पळणाऱ्या गौडराजाची छत्रे ध्रुवाने घेतली, असे आहे; शिवाय पुढे तिसऱ्या गोविंदाच्या हिमालयापर्यंतच्या स्वारीत धर्म आणि चक्रायुध हे दोघे राजे आपण होऊन त्याला शरण आले, असेही म्हटले आहे. प्रतीहारांची ग्वाल्हेर प्रशस्ती सांगते की, दुसऱ्या नागभटाने चक्रायुधाला जिंकले आणि मेघांसारखी गजसेना घेऊन आलेल्या वंगपतीचाही पाडाव केला.

आणि पालांचा स्वतःचा लेख काय म्हणतो? खालिमपूर ताम्रपटात कनौजच्या दरबाराचे वर्णन आहे. भोज, मत्स्य, मद्र, कुरू, यदू, यवन, अवंती, गंधार आणि कीर या देशांचे राजे माथा लववून 'साधु, साधु' म्हणत आहेत. पांचालाचे वृद्ध हर्षाने सोन्याचा अभिषेककलश उचलून धरीत आहेत. आणि धर्मपालाच्या भुवईच्या इशाऱ्याने कनौजचा राजा सिंहासनावर बसविला जात आहे. हा राजा म्हणजेच चक्रायुध. इंद्रराजाला दूर सारून धर्मपालाने त्याला राज्य दिले, हे नारायणपालाच्या भागलपूर ताम्रपटावरून कळते. छत्रे गेल्याचा, पळून गेल्याचा वा गोविंदापुढे नमल्याचा उल्लेख पालांच्या लेखांत औषधालाही सापडत नाही.

ताम्रपटाचा कवी धन्याचा पराभव कधी लिहीत नाही. विजय मात्र दुप्पट करून लिहितो. म्हणून एका घराण्याचे लेख वाचून इतिहास लिहू जाणे म्हणजे एका पक्षकाराचे ऐकून निवाडा देण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंचे लेख समोरासमोर ठेवावे लागतात. या संदर्भात प्रत्येक कलकत्तेकर मराठी माणसाला अभिमान वाटावा असे एक नाव येते, ते डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांचे. रामकृष्णपंत भांडारकरांचे हे चिरंजीव १९१७ ते १९३६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक होते. वर उल्लेखिलेला संजाण ताम्रपट 'एपिग्राफिया इंडिका'च्या १८ व्या खंडात त्यांनीच संपादिला. गौडाच्या पराभवाची ही हकीकत गौडातल्याच विद्यापीठात बसून एका मराठी पंडिताने वाचली, आणि बंगालच्या इतिहासकारांनी ती आपल्या राजाच्या चरित्रात निःसंकोचपणे समाविष्ट केली. विद्येच्या क्षेत्रात खंदक नसतात ते असे.

तिन्ही बाजूंचे लेख एकत्र वाचले म्हणजे चित्र स्पष्ट होते. धर्मपाल रणांगणावर एकापेक्षा अधिक वेळा हरला. वत्सराजाने त्याला जिंकले, ध्रुवाने जिंकले, नागभटाने जिंकले. आणि तरीही बत्तिसाव्या राज्यवर्षी तो पाटलिपुत्राच्या छावणीतून दाने देत होता, त्याच्या तळासमोर भागीरथीवर नौकांची रांग पुलासारखी पसरलेली होती, आणि त्याचे राज्य पुत्राच्या हाती अखंड गेले. हे कसे घडले?

एक कारण दख्खनच्या बाजूचे आहे. राष्ट्रकूट उत्तरेत येत, जिंकत आणि परत जात. ध्रुवाला माघारी जावे लागले. गोविंदाच्या मागे दक्षिणेतील राजांनी उठाव केला. दुआबात त्यांनी कायमचा अंमल कधी बसविला नाही. त्यांच्या स्वारीने धर्मपालापेक्षा प्रतीहारांचेच कंबरडे अधिक मोडले आणि त्यांची पाठ वळताच धर्मपालाला मैदान मोकळे झाले. गोविंदापुढे तो 'आपण होऊन' नमला, यात भीतीइतकाच हिशेबही असावा. दूरच्या विजेत्याला नमस्कार करून जवळच्या वैऱ्याचा काटा काढणे ही राजनीती त्याला अवगत होती.

दुसरे कारण अधिक खोल आहे. कनौज गेले तरी बंगाल आणि मगध गेले नाहीत, कारण तेथे त्याची मुळे होती. त्याचा भाऊ वाक्पाल सेनापती म्हणून पाठीशी उभा राहिला. त्याचा मंत्री गर्ग हा ब्राह्मण होता. गर्गाच्या वंशजाने दिनाजपूरकडील बादल येथे उभारलेल्या स्तंभावर मोठा मिस्किल दावा कोरला आहे : बृहस्पतीने ज्याचे मंत्रिपद केले तो इंद्र केवळ पूर्व दिशेचा स्वामी, मी मात्र माझ्या पूर्वेच्या राजाला सर्व दिशांचा स्वामी केले. मंत्र्याचे घराणे राजापुढे असा तोरा मिरवू शकते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच पदावर राहते, यावरून त्या राज्याच्या घडणीची कल्पना येते.

खालिमपूर ताम्रपटातील दानच पाहा. हा पट १८९३ साली मालदा जिल्ह्यात गौडच्या अवशेषांजवळ सापडला. उमेशचंद्र बटव्याल यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. राजा स्वतःला 'परमसौगत' म्हणजे बुद्धाचा परमभक्त म्हणवितो. दान मात्र आहे नारायणाच्या देवळाला. नारायणवर्मा नावाच्या महासामंताधिपतीने बांधलेल्या देवळासाठी त्याने विनंती केली आणि राजाने पुंड्रवर्धन भुक्तीतील चार गावे दिली. दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे, त्या देवळाच्या पूजेअर्चेसाठी लाट देशाचे ब्राह्मण होते. लाट म्हणजे दक्षिण गुजरात. हा मुलूख त्या काळी राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. राजे दुआबात एकमेकांची छत्रे हिरावीत असताना त्या मुलखातील पुजारी बंगालच्या खेड्यात गंध उगाळीत होते. याच लेखात आणखी एक सुंदर श्लोक आहे. सीमेवरचे गुराखी, रानातले लोक, गावकरी, अंगणात खेळणारी मुले, बाजारातले व्यापारी आणि पिंजऱ्यातले पोपटसुद्धा धर्मपालाची स्तुती गातात, आणि ती ऐकून राजा लाजून मान खाली घालतो, असा त्याचा आशय आहे. यात कविकल्पनेचा भाग आहेच. पण स्तुती कोणाच्या तोंडी घालावी, याची निवड करताना कवीला सामंतांऐवजी गुराखी आणि मुले आठवली, हे विसरण्याजोगे नाही.

धर्मपालाचे खरे स्मारक मात्र विटांचे आहे. बिहारमधील भागलपूरजवळचे विक्रमशील महाविहार त्याने स्थापिले, असे परंपरा सांगते. तेथून पुढे अतीश दीपंकर तिबेटला गेले. उत्तर बंगालमधील सोमपूर महाविहाराच्या बाबतीत मात्र परंपरेवर विसंबण्याची गरज उरलेली नाही. हे स्थान आज बांगलादेशातील नौगाँव जिल्ह्यात पहाडपूर म्हणून ओळखले जाते. फाळणीपूर्वी सियालदहहून सिलिगुडीकडे जाणारी गाडी पद्मेवरील हार्डिंज पूल ओलांडून सांताहारवरून पुढे जाई. त्याच मार्गावर जमालगंज हे लहानसे स्थानक आहे आणि तेथून पहाडपूर तीनेक मैलांवर. १९२३ साली कलकत्ता विद्यापीठ आणि राजशाहीची वरेंद्र अनुसंधान समिती यांनी मिळून तेथे उत्खनन आरंभिले, ते डॉ. देवदत्त भांडारकर यांच्या नेतृत्वाखाली. पुढे राखालदास बंदोपाध्याय यांनी एक हंगाम काम केले आणि १९२६ पासून मुख्य कामगिरी काशिनाथ नारायण दीक्षित यांच्याकडे आली. दीक्षित मूळचे पंढरपूरचे. ते नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. १९३८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजही या विषयाचा पाया मानला जातो.

झाडाझुडपांनी झाकलेल्या त्या टेकाडाखालून काय निघाले? प्रत्येक बाजू सुमारे ९०० फूट लांबीची चौकोनी वास्तू, तिच्या चारही बाजूंना मिळून भिक्षूंच्या १७७ कोठड्या आणि मधोमध क्रूसाकृती तळाचे, पायरीपायरीने उंच चढत जाणारे मंदिर. त्याच्या भिंतींवर भाजलेल्या मातीचे सुमारे दोन हजार फलक जागच्या जागी होते. त्यांत देवदेवतांबरोबर शेतकरी, पशुपक्षी आणि पंचतंत्रातल्या गोष्टीही आहेत. तारानाथाने या विहाराचे श्रेय देवपालाला दिले होते. परंतु मातीत सापडलेल्या मुद्रांवर सोमपूर येथील श्रीधर्मपालदेवाच्या महाविहाराच्या भिक्षुसंघाचे नाव स्पष्ट निघाले आणि वाद मिटला. अशाच आराखड्याची मंदिरे पुढे ब्रह्मदेश आणि जावा येथेही दिसतात. १९८५ साली या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आषाढीला पंढरीच्या वाटेला लागणाऱ्या वारकऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, त्यांच्या पंढरीत जन्मलेल्या एका माणसाने बंगालच्या बौद्ध सम्राटाचा विहार मातीतून वर काढला.

आता राणी रण्णादेवीकडे वळू. तिचे नाव देवपालाच्या मुंगेर ताम्रपटामुळे टिकले. हा पट १७८० साली सापडला. चार्ल्स विल्किन्स यांनी त्याचे भाषांतर केले आणि ते आपल्या पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात, १७८८ साली छापले गेले. त्यात राष्ट्रकूटकुलतिलक परबल याच्या कन्येचे, रण्णादेवीचे, धर्मपालाने पाणिग्रहण केले असे आहे. हा परबल कोण, यावर वाद आहे. मध्य हिंदुस्थानात पथारी येथे इ. स. ८६१ चा एक स्तंभलेख आहे आणि त्यात परबल नावाचा राष्ट्रकूट राजा येतो. परंतु त्याचा काळ धर्मपालाच्या मानाने बराच उशिराचा पडतो. म्हणून काही विद्वान हे तिसऱ्या गोविंदाचेच बिरुद मानतात. ती मान्यखेटच्या मुख्य घराण्याची होती असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि राष्ट्रकूटांना आजच्या अर्थाने मराठी म्हणणेही योग्य नव्हे : लातूरचे मूळ ते अभिमानाने सांगत, वेरूळ आणि नाशिक त्यांच्या राज्यात होते, पण त्यांच्या दरबारी संस्कृतबरोबर कन्नडचा मान होता. एवढी सावधगिरी बाळगूनही, दख्खनच्या ज्या कुळाने गौडाचा पराभव लिहून ठेवला, त्याच कुळाचे नाव गौडाने आपल्या राणीचे माहेर म्हणून तितक्याच अभिमानाने लिहून ठेवले, हे निर्विवाद आहे. पुढेही हा संबंध तुटला नाही. राज्यपालाची राणी भाग्यदेवी राष्ट्रकूट तुंगाची कन्या होती. आणि कैवर्तांच्या उठावात गेलेले राज्य रामपालाने परत मिळविले, तेव्हा त्याच्या पाठीशी उभा राहिलेला मामा मथन हाही राष्ट्रकूटच होता, असे संध्याकर नंदीच्या 'रामचरिता'वरून दिसते.

वर इंग्लंडच्या ऑफाचा उल्लेख केला. धर्मपालाशी त्याची तुलना उद्‌बोधक आहे. ऑफाने इ. स. ७५७ ते ७९६ असे एकोणचाळीस वर्षे राज्य केले. बगदादच्या खलिफाच्या दिनाराची नक्कल करून, अरबी अक्षरांच्या मधोमध आपले नाव घातलेले सोन्याचे नाणे त्याने पाडले. त्याची चांदीची नाणी तर इंग्लंडच्या चलनाचा आदर्श ठरली. त्यानेही मुली देऊन शेजारचे राजे जोडले. मुलांच्या सोयरिकीच्या बोलण्यावरून शार्लमेनशी त्याचे असे बिनसले की, काही काळ बंदरे बंद झाली. वेल्सच्या सीमेवर त्याने मातीचा प्रचंड बांध आणि खंदक घातला. आपल्यानंतर पुत्रालाच राज्य मिळावे म्हणून त्याने आप्तांचे रक्त सांडले, असे अल्क्विन या समकालीन पंडिताने लिहिले आहे. तो पुत्र पित्यामागे १४१ दिवसच जगला आणि काही दशकांतच मर्सियाचे वर्चस्व ओसरले. ऑफाच्या नावाने आज तो खंदक ओळखला जातो.

धर्मपालाच्या घरीही सर्व काही योजल्याप्रमाणे झाले नाही. खालिमपूर ताम्रपटात युवराज म्हणून त्रिभुवनपालाचे नाव आहे; राज्यावर आला तो देवपाल. तरी घडी मोडली नाही. देवपालाच्या काळी सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाने नालंदा येथे विहार बांधला आणि त्याला पाच गावे देवपालाने लावून दिली. आणि या वंशाची कथा अजूनही मातीतून उलगडतच आहे : १९८७ साली मालदा जिल्ह्यातील जगजीवनपूरला एका शेतात ताम्रपट सापडला आणि देवपालाचा पुत्र महेंद्रपाल हा, आजवर कोणत्याही वंशावळीत नसलेला, पाल राजा इतिहासाला मिळाला. सियालदहहून निघणाऱ्या गौड एक्सप्रेसने मालद्याला उतरणाऱ्या प्रवाशाला ही सारी भूमी एका रात्रीच्या अंतरावर आहे.

धर्मपालाने कनौज मिळविले आणि घालविले. त्याची छत्रे वत्सराजाकडे गेली, मग ध्रुवाकडे गेली आणि आज ती कोठेच नाहीत. लोकांनी हात धरून दिलेले राज्य त्याने परधर्माच्या देवळालाही गावे देऊन, विद्येची घरे बांधून आणि माणसे जोडून राखले, म्हणून पालांचे नाव चारशे वर्षे टिकले. परप्रांतात मंडळ चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या संस्थाही चार जणांनी एकमेकांचा हात धरल्यानेच उभ्या राहतात, आणि तो हात सुटला की मत्स्यन्यायाला वेळ लागत नाही. बर्गींचे गाणे बंगाल विसरणार नाही आणि त्याने ते विसरावे अशी अपेक्षाही आपण करू नये. ते गाणे ऐकताना रण्णादेवीचे माहेर आणि पहाडपूरच्या मातीत राबलेले भांडारकर व दीक्षित हेही त्याच इतिहासाचे भाग आहेत, एवढे आपल्या पुढच्या पिढीला सांगता आले, तर या सुवर्णमहोत्सवी वर्षातील ती एक उपयुक्त कामगिरी होईल.